अळवाच्या वाफ्यातलं अर्थिंग

दि. १४ जानेवारी १९७९, रविवार. मळवली, लिमयेबाईंचा बंगला. काम : घरातल्या कॉम्प्युटरमध्ये मेमरीचं जादा कार्ड बसवणे. ठरलेली मजुरी रुपये पंचवीस. हजर : स्वतः लिमयेबाई आणि मी. तिसरं कोणी नाही.

माझ्या कामाच्या वहीतली ही नोंद जशीच्या तशी उतरवली आहे. ‘तिसरं कोणी नाही’ हे एरवी मी लिहीत नाही. त्या दिवशी का लिहिलं ते आता सांगता येणार नाही. सकाळी दहापासून दुपारी दीडपर्यंत मी त्या घरात होतो आणि तेवढ्या वेळात ना दुसऱ्या माणसाचा आवाज आला, ना भांड्याचा. ते कुठेतरी कानात राहिलं असावं. ते जर नीट डोक्यात शिरलं असतं तर पुढचे तीन महिने वाया गेले नसते.

१९५९ सालापासून लोणावळ्याच्या बाजारात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. जागा नऊ फूट बाय सात फूट. पुण्याचा मेकॅनिक रेडिओ उघडतो तेव्हा त्याला आत धूळ दिसते, मला बुरशी दिसते. जूनपासून चार महिने आमच्याकडे कपडे वाळत नाहीत, तिथे रेडिओतली गुंडाळी कुठून कोरडी राहणार? म्हणून मी प्लायवूडचं एक खोकं करून घेतलं आहे. त्यात पंचवीस वॅटचा दिवा कायम पेटता असतो. आलेला सेट दोन दिवस त्या खोक्यात बसतो, मग मी त्याला हात लावतो. निम्मे सेट तेवढ्यानेच बरे होतात. गिऱ्हाईक विचारतं, “काय केलंत?” मी सांगतो, “शेकला.” त्याचे मी दिव्याच्या विजेपुरते पैसे घेतो, जास्त घेतले तर झोप येत नाही.

कॉम्प्युटर माझ्या धंद्यातला नव्हे. तो माझ्याकडे आला तो ट्रान्सफॉर्मरच्या निमित्ताने. लिमयेबाईंचे धाकटे भाऊ शरदराव अमेरिकेत नोकरीला होते. १९७६ साली सुटीवर आले तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरचे सुटे भाग आणले आणि मळवलीच्या बंगल्यात महिनाभर बसून ते जोडले. ते यंत्र एकशे दहा व्होल्टचं, आपली वीज दोनशे तीसची. मधला ट्रान्सफॉर्मर मी गुंडाळून दिला. अर्थिंगही मीच केलं.

अर्थिंग म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. विजेच्या उपकरणाच्या पत्र्यावर जी चुकार वीज जमते तिला जमिनीत जायला वाट ठेवावी लागते. त्यासाठी पाच फूट खड्डा खणून त्यात तांब्याची पट्टी उभी करायची, भोवती कोळसा आणि मीठ भरायचं आणि पट्टीपासून घरात तार न्यायची. जमीन ओली असेल तर ती वीज पटकन पिते. म्हणून खड्ड्याची जागा ओलीची बघायची. बाईंच्या घरामागे मोरीचं पाणी जिथे बाहेर पडत होतं तिथे अळवाचा वाफा होता. पानं परातीएवढी. मी तिथेच खणलं. मग शंभर वॅटच्या दिव्याचं एक टोक विजेला आणि दुसरं त्या तारेला लावून बघितलं; जमिनीची वाट मोकळी असेल तर दिवा पुरता पेटतो. पिवळाधमक पेटला. वहीत लिहिलं, ‘अर्थ उत्तम.’

शरदराव परत गेले. यंत्राची पेटी राहिली आणि बाई राहिल्या.

बाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. पुण्यात मुलींच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेल्या, अविवाहित, गुडघ्यांनी अधू. पहिल्या भेटीत त्यांनी मला बिल विचारायच्या आधी विचारलं होतं, “सावंत, सतरा गुणिले तेवीस?”

“तीनशे एक्याण्णव.”

“हं. मग तुमचं बिल मी तपासणार नाही.”

माझ्या गिऱ्हाइकांत आकड्यांबद्दल बोलता येईल असं ते एकच माणूस. घरी मी आकड्यांचं बोलायला लागलो की आमची मंडळी उठून वाती वळायला जातात.

अंगणात त्यांच्या वडिलांनी बसवलेलं पर्जन्यमापक होतं. तांब्याचं नरसाळं, खाली बाटली, आणि ते पाणी मोजायला इंचाच्या शंभराव्या भागापर्यंत खुणा असलेलं काचेचं उंच माप. १९५७ च्या जूनपासून रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजून वहीत लिहायचा, हा त्या घराचा नेम. आधी वडील लिहीत, नंतर बाई. बावीस पावसाळे, दर पावसाळ्याचे एकशे बावीस दिवस, म्हणजे दोन हजार सहाशे चौऱ्याऐंशी आकडे. बाईंना ते सगळे एकदम यंत्रात घालायचे होते.

“हाताने बेरीज करून झालीय,” त्या दिवशी त्या म्हणाल्या. “दोनदा केली. दोन्ही वेळा वेगळी आली.”

“एवढ्या आकड्यांत चूक व्हायचीच, बाई.”

“माझी झालेली नाही कधी.” आणि त्यांनी वही मिटून ठेवली. वय झाल्याची भीती वाटत असेल, असं मी समजलो.

यंत्राची अडचण साधी होती. कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे नंबर घातलेली खोल्यांची चाळ. एका खोलीत एक अक्षर किंवा एक अंक राहतो. शरदरावांनी दिलेल्या चाळीत चार हजार शहाण्णव खोल्या होत्या. पावसाच्या एका आकड्याला चार खोल्या धरल्या तरी लागणार दहा हजार सातशे छत्तीस, शिवाय यंत्राच्या स्वतःच्या सूचना वेगळ्या. म्हणून शरदरावांनी ओळखीच्या माणसाबरोबर सोळा हजार खोल्यांचं जादा कार्ड पाठवलं होतं. पोस्टाच्या आंतरदेशीय पत्राएवढं, हिरवं, त्यावर काळ्या चौकोनी किड्यांच्या रांगा. खालच्या कडेला सोनेरी दात, एका बाजूला पन्नास आणि दुसऱ्या बाजूला पन्नास. पेटीत त्या मापाच्या खाचा असतात. त्यांत ते सरळ उभं दाबायचं. तिरकं दाबलं की दात मोडतो. त्याआधी कार्डावरचे आठ बारके खटके लावून त्याला सांगायचं की तुझ्या खोल्यांचे नंबर अमुकपासून सुरू. नाहीतर दोन खोल्यांना एकच नंबर पडतो आणि यंत्र गोंधळतं.

थंडी होती. फरशी बर्फासारखी. बाईंनी माझ्यासाठी जाड सतरंजी दुहेरी करून घातली. “यावर उभे राहा, पाय गारठतील.” मी खटके तीनदा तपासले, कार्ड बसवलं, यंत्र सुरू केलं. छोट्या टीव्हीच्या पडद्यावर उजेड आला, सोळा हजार खोल्या हजर. बाईंनी तिळाची वडी दिली. संक्रांत होती. वडी पुण्याच्या दुकानातली होती, डब्यावर चिठ्ठी तशीच.

वीस मिनिटांनी आकडे बिघडायला लागले. बाईंनी दोन इंच लिहिलेलं, पडद्यावर भलतंच. पुसून पुन्हा लिहिलं, थोड्या वेळाने दुसराच आकडा बदललेला. मी कार्ड काढून दात खोडरबराने साफ केले, दुसऱ्या खाचेत बसवून पाहिलं. तेच. कार्ड काढून ठेवलं की जुन्या चार हजार खोल्या ठीक चालत. मग दोष कशाचा? कार्डाचा. मी दुकानाच्या कागदावर ‘कार्ड सदोष’ असं लिहून खाली सही केली. बाईंनी पंचवीस रुपये दिले. मी नको म्हणालो, त्या म्हणाल्या, “काम बसवण्याचं ठरलं होतं, चालण्याचं नाही.” मी घेतले.

अर्थिंग मी तपासलं नाही. वहीत ‘अर्थ उत्तम’ लिहिलेलं होतं ना, माझ्याच अक्षरात.

कार्ड त्याच ओळखीच्या माणसाबरोबर परत गेलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आलं, सोबत शरदरावांचं पत्र. बाईंनी ते मला दुकानात आणून दाखवलं. रिक्षातून उतरायला त्यांना दोन मिनिटं लागली. पत्रात एवढंच होतं : कार्ड तपासलं, दोष नाही, बसवणाऱ्याने आपलं काम पाहावं. पुढे ओळ होती : ताई, यंत्र जमत नसेल तर बंद करून ठेव. बंगल्यात एकटीने राहण्यापेक्षा पुण्याला जा, हे मी मागेही लिहिलं आहे.

“यंत्र चाललं नाही तर त्याला बरंच वाटेल,” बाई म्हणाल्या.

मी रविवारी सकाळच्या लोकलने मळवलीला उतरलो. स्टेशनपासून बंगल्यापर्यंत चालत अठरा मिनिटं, दोन्हीकडे भाताची खाचरं, त्या दिवसांत भाजून काळी झालेली. पोचलो तेव्हा घामाने चिंब. अनवाणी पायाने गार फरशीवर उभं राहायला बरं वाटलं. कार्ड हातात घेऊन पेटीवर वाकलो, तर कोपराला झिणझिण्या आल्या. पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा झिणझिण्या. जानेवारीत मी जाड सतरंजीवर उभा होतो, म्हणून त्या कळल्या नव्हत्या.

शंभर वॅटचा दिवा अर्थच्या तारेवर लावला. विडीच्या टोकाएवढा लाल झाला आणि तेवढाच राहिला.

मागे गेलो. अळू नव्हतं. वाफ्यात काड्या होत्या आणि जमिनीला हात जाईल अशा भेगा. मोरीच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं. वर पागोळीच्या आत भिंतीवर कोळशाने ओढलेल्या काही उभ्या रेघा होत्या. दूधवाल्याचा हिशेब असेल म्हणून मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

“बाई, मोरीचं पाणी कुठे जातं?”

“मोरी बंदच आहे. माझी एक ताटली आणि एक कप. आत बेसिनमध्ये विसळते, ते पाणी पुढच्या गुलाबाला घालते.”

“आणि भिमामावशी?”

“येत नाही ती. जुलैपासून.”

तेव्हा सगळं जुळलं. भिमामावशी म्हणजे वरच्या डोंगरवाडीतली बाई. अकरा वर्षं बाईंकडे धुणंभांडी करत होती. तिच्या भांड्यांचं पाणी दिवसातून दोनदा अळवात जायचं, आणि त्यावर माझं अर्थिंग उभं होतं. ती गेली तेव्हा पावसाळा होता, म्हणून दिवाळीपर्यंत कळलं नाही. त्यानंतर जमीन वाळत गेली. शेजारच्या बंगल्यातला पंप सुरू झाला की तारेतून एक हिसका येतो. तो जमिनीत जायला वाट नसली की पेटीत घुटमळतो आणि नव्या नाजूक कार्डातल्या खोल्या हलवून टाकतो.

मला हे आधीच सुचायला हवं होतं. १९६३ साली कुसगावात एका हॉटेलवाल्याचा रेडिओ होता. तो म्हणायचा, “आमचा रेडिओ पावसाळ्यात बोलतो आणि उन्हाळ्यात कुजबुजतो.” मी त्या रेडिओची अर्थची तार घडवंचीखाली हलवून दिली होती, माठ ठिबकत होता तिथे. गावभर सांगत सुटलो होतो. आणि तोच मी सोळा वर्षांनी कोरड्या जमिनीवर उभा राहून अमेरिकेतल्या कार्डाला दोष दिला, लेखी.

स्वयंपाकघरातून मीठ घेतलं, चार बादल्या पाणी वाफ्यात ओतलं. अर्ध्या तासाने दिवा बऱ्यापैकी पेटला. कार्ड बसवलं. दोन तास एक आकडा हलला नाही, पंप दोनदा चालू होऊनसुद्धा.

बाईंनी एकवीस वर्षांचे आकडे आधीच थोडे थोडे करून टेपवर साठवून ठेवले होते. ते टेपरेकॉर्डरवरून आत घेतले. राहिलं १९७८. ते त्या वहीत बघून टाइप करू लागल्या. जून झाला. जुलै निम्मा झाला. पडद्यावर प्रश्नचिन्ह आलं, म्हणजे यंत्र पुढच्या दिवसाचा आकडा मागत होतं. बाईंचा हात थांबला.

मला वाटलं पुन्हा बिघडलं. “काय झालं?”

“काही नाही. विचारतंय, त्या दिवशी किती.”

वहीत त्या दिवसासमोर ‘९.००’ लिहिलेलं होतं आणि त्यावर तांबड्या शाईची रेघ.

बाईंनी सांगितलं ते असं. जुलैत त्यांच्या पुण्याच्या बहिणीला दवाखान्यात ठेवलं होतं. बाईंना तीन दिवस जावं लागलं. बावीस वर्षांत नोंद कधी चुकली नव्हती, म्हणून त्यांनी भिमामावशीला बंगल्यावरच राहायला सांगून माप कसं भरायचं ते दाखवलं. दिवसाचा एक रुपया देईन म्हणाल्या. मावशीला लिहिता येत नाही. ती लक्षात ठेवून सांगणार होती. परत आल्यावर तिने सांगितलं, पहिल्या दिवशी दोन मापं, दुसऱ्या दिवशी नऊ, तिसऱ्या दिवशी तीन. एक भरलेलं माप म्हणजे एक इंच. बाईंनी तिन्ही लिहिले. मग नवावर विचार केला. पुण्यात त्या दिवशी साधी भुरभुर होती. नऊ इंच त्या वहीत त्याआधी कधी आले नव्हते.

“मी म्हटलं, भिमे, अंदाजाने सांगितलंस ना? ती म्हणाली, मोजून सांगितलं. मी रेघ मारली. तिच्यासमोर. ती पदर खोचून निघून गेली.”

“आणि तुमच्या दोन बेरजा वेगळ्या आल्या, त्यांत फरक कितीचा?”

“नवाचाच,” बाई म्हणाल्या. “एकदा मी तो धरते, एकदा सोडते. चूक नाहीय ती, सावंत. माझं ठरत नाही. मला वाटलं होतं यंत्र आलं की सुटेल. पण तेही मलाच विचारतंय.”

प्रश्नचिन्ह पडद्यावर लुकलुकत होतं. त्या घरात तेवढीच हालचाल.

मी विषय बदलला. वाफ्यात रोज दोन बादल्या पाणी पडलं पाहिजे, नाहीतर आठ दिवसांत पुन्हा तेच, असं सांगितलं. बाईंच्या गुडघ्यांना मागच्या सहा पायऱ्या झेपणाऱ्या नव्हत्या. “अकरा फूट रबरी पाइप लागेल. मी पुढच्या रविवारी टाकून देतो.”

“पाइप नको.”

“का?”

“उन्हाने तडकतो.” मग म्हणाल्या, “तुम्ही वाडीवर जाल का? तिला म्हणावं, अर्थिंगसाठी पाणी घालायचं आहे. एवढंच. बाकी काही बोलू नका.”

पुढच्या रविवारी मी वाडीवर चढलो. भिमामावशी दारात सूप सारवत बसली होती. मला बघून म्हणाली, “भाऊ, तुमी हितं कुटं? आमच्यात रेडू न्हाई.”

मी निरोप सांगितला. तिने सूप बाजूला ठेवलं.

“पेटीला त्हान लागली व्हय? आन् मानूस गेलतं तवा न्हाई लागली.”

“मावशी, बाईंना पायऱ्या उतरवत नाहीत.”

“ठाव हाय मला. अकरा वर्सं मीच उतरतोय का न्हाई?” मग आवाज चढला. “भाऊ, त्या राती पाऊस कसा व्हता तुमास्नी ठाव न्हाई. बाटली भरून वाहील म्हून मी दोन डाव उठलो. घोंगडी डुईवर, कंदील इझलेला. अंधारात माप भरलं, वतलं, भरलं, वतलं. दर मापाला भितीवर कोळशाची रेघ वडली, इसरू नये म्हून. जाऊन मोजा, आजून आसतील. आन् बाईनं काय केलं? तांबडी रेघ. मला वाचाया येत न्हाई, पन रेघ कळती.”

“पाणी घालाल का?”

“आदी ती रेघ पुसा म्हनावं.” आणि मी उठल्यावर मागून, जरा खालच्या आवाजात : “बाईचा गुडघा लय सुजलाय का?”

उतरताना मी सरळ बंगल्याच्या मागच्या बाजूला गेलो. पागोळीच्या आत भिंतीवरच्या रेघा मोजल्या. तीन जुडगे होते. दोन, नऊ, तीन.

रेघा काही पुरावा नव्हेत. खोटं सांगणारा माणूस रेघाही खोट्या ओढू शकतो, आणि बाईंनी नेमकं तेच म्हटलं असतं. म्हणून घरी येऊन मी माझी कामाची वही काढली. मी काम झालं नाही त्या दिवसाचीही नोंद करतो. त्या तारखेला लिहिलेलं होतं : ‘दुकान बंद. बाजारात दुकानाच्या दुसऱ्या पायरीपर्यंत पाणी. रेल्वेच्या बाजूने रस्ता दिसत नाही.’ आणि दुसऱ्या दिवशी : ‘भिजलेले सेट अकरा. खोक्यात जागा नाही.’ एकोणीस वर्षांच्या नोंदीत दुसऱ्या पायरीपर्यंत पाणी तेवढं एकदाच.

वही घेऊन मी मळवलीला गेलो. बाईंनी चष्मा पुसून दोन्ही ओळी वाचल्या.

“नऊ इंच पडला असं यावरून म्हणता येत नाही, बाई,” मी म्हणालो. “लोणावळा वेगळं, मळवली वेगळी. पण खोटा म्हणायला आता आधार नाही.”

“पुण्यावरून मळवलीचा पाऊस ठरवला मी,” त्या म्हणाल्या. “मुलीने असं उत्तर लिहिलं असतं तर शून्य दिलं असतं.”

रेघ पुसण्याबद्दल सांगितलं. त्यांनी मान हलवली. “नोंदीत पुसायचं नसतं. माझी चूकही तिथे राहिली पाहिजे.” मग तांबड्या रेघेच्या खाली निळ्या शाईने पुन्हा ९.०० लिहिलं, शेजारी ‘मोजणारी : भिमाबाई. रेघ माझी, चुकीची’ असं लिहून सही केली. यंत्राजवळ गेल्या, नऊ दाबला. प्रश्नचिन्ह पुढच्या दिवसावर गेलं.

मी वाडीवर तसं कळवलं. सांगितल्याप्रमाणे दोन दिवसांनी भिमामावशी आली. मी मुद्दाम दुकान बंद ठेवून गेलो होतो, दिवा लावून अर्थिंग बघायचं निमित्त करून. ती ओटीवर आली नाही. मागून आली आणि खिडकीशी उभी राहिली.

“दावा.”

बाईंनी वही खिडकीच्या गजांतून पुढे केली.

“रेघ हाय तशीच.”

“रेघ राहणार. खाली बघ. हे तुझं नाव. आणि हे मी लिहिलंय की चूक माझी.”

“ह्यात नऊ कंचा?”

बाईंनी बोट ठेवलं. मावशीने तो आकडा बराच वेळ पाहिला. “वाकडाच हाय की,” ती म्हणाली. मग दोन बादल्या वाफ्यात ओतल्या आणि निघून गेली. भांड्यांना हात लावला नाही. बाईंनी चहा ठेवला होता, तो तसाच राहिला.

त्यानंतर ती रोज यायची, पाणी ओतायची आणि जायची. बाई मला म्हणाल्या, “साडेनऊला बादलीचा आवाज येतो. तोवर मी यंत्र लावत नाही.” आठवड्याने कधीतरी तिने मागच्या पायरीवर बसून चहा घेतला. बाई दाराच्या आत खुर्चीवर. त्यांचं बोलणं काय झालं ते मला ठाऊक नाही, मी नव्हतो.

मी होतो तो दिवस मे अखेरचा. बाईंनी हिशेब पुरा केला होता. तो मुळात भिमामावशीच्याच प्रश्नावरून सुरू झाला होता, हे मला तेव्हा कळलं. काही वर्षांपूर्वी तिने विचारलं होतं, “आमचा म्हातारा म्हनतो, पाऊस मागं सरकला. तुमच्या वहीत काय म्हनतंय?” म्हातारा म्हणजे तिचा सासरा. बाईंनी आता तिला पायरीवर बसवून सांगितलं, “दर वर्षी वीस इंच पुरे कधी होतात ते काढलं. कधी आधी, कधी नंतर. मागे सरकला असं माझ्या वहीत दिसत नाही. तुझे नऊ धरून आणि सोडून, दोन्ही करून पाहिलं. उत्तर तेच आहे.”

मावशी विचार करून म्हणाली, “मंग आमचा म्हाताराच मागं सरकला.”

बाई हसल्या. त्या घरात मी ऐकलेलं ते एकदाच.

मी खिशातून पंचवीस रुपये काढून यंत्राजवळ ठेवले. जानेवारीत चुकीच्या निदानाचे घेतले होते. बाईंनी ते परत सारले. दोन-तीनदा इकडून तिकडे झाले. मावशी दारातून बघत होती. “भाऊ, तुमचं आपसात चालू द्या,” ती म्हणाली. “माझं काय ऱ्हायलंय ते आदी द्या.”

“पाण्याचे महिन्याला देते ना तुला?” बाई म्हणाल्या.

“पान्याचं न्हाई. पावसाचं.”

बाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवत आत गेल्या, कपाटाचं दार वाजलं.

१९८२ साली बाई पुण्याला बहिणीकडे गेल्या आणि पुढच्या वर्षी तिथेच वारल्या. बंगला विकला गेला. नव्या मालकांनी अळवाचा वाफा फरशी घालून बंद केला. भिमामावशी आता वाडीखाली येत नाही. यंत्र बाईंनी माझ्याकडे पाठवलं होतं. दुकानात कपाटावर आहे, कार्ड आतच. मी ते वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर खोक्यात शेकतो आणि सुरू करून बघतो. ते आकडा मागतं. मी काही देत नाही, बंद करतो. माझे पंचवीस रुपये शेवटी माझ्याकडेच राहिले, हे इथे नोंदवून ठेवतो.

पेटीबरोबर पावसाची वहीही आली. १९७८ च्या पानाशी टाचणीने लावलेली पावती आहे. बाईंचं अक्षर, भिमामावशीचा अंगठा, साक्षीदार म्हणून माझी सही :

‘गेल्या जुलैत तीन दिवस पाऊस मोजल्याची मजुरी, दिवसास एक रुपयाप्रमाणे रुपये तीन फक्त. दहा महिने उशिरा. भिमाबाईंना पोचली.’